सहकुटुंब, सहपरिवार, सहश्वान

वऱ्हाडी माणसाचा आणि समुद्राचा संबंध तसा दूरचाच. असला तर भूगोलाच्या पेपरात चार गुणांपुरता. अमरावतीहून मुंबईचा समुद्र साडेसहाशे किलोमीटरच्या पलीकडे. संध्याकाळी अमरावती-मुंबई एक्सप्रेसमध्ये बसायचं, सकाळी उतरायचं, मंत्रालयातलं नाहीतर दवाखान्यातलं काम उरकायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत. मधे तासभर सापडलाच तर चौपाटीवर जाऊन समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा. आमच्या नात्यातल्या सगळ्या आल्बमांत समुद्र मागे आहे आणि भेळेची पुडी पुढे आहे. यावरून कोणासाठी कोण गेलं होतं ते वाचकांनी ठरवावं.

पाणी ही आमच्याकडे हप्त्यानं मिळणारी वस्तू आहे. अमरावतीला अप्पर वर्धा धरणाचं पाणी येतं, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं. येतं म्हणजे येण्याच्या दिवशी येतं. अकोल्याची माझी बहीण पाहुण्यांना ‘रविवारी या’ असं म्हणत नाही. ‘नळाच्या दिवशी या’ असं म्हणते. नळ आला की ती घरातली सगळी भांडी भरते, मग तांबे भरते, मग वाट्या भरते, आणि शेवटी चमच्यांकडे पाहून सुस्कारा टाकते.

याशिवाय आमच्याकडे आणखी एक पाणी आहे. ते भरपूर आहे, बारा महिने आहे, आणि कोणाच्या काही कामाचं नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा म्हणतात तो हाच. वर काळीभोर, खोल, सोन्यासारखी जमीन. आणि विहीर खणली तर खाली मिठाचं पाणी. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ते शेताला द्यावं तर जमीन दगडासारखी घट्ट होते. म्हणून पट्ट्यातला शेतकरी विहिरीच्या काठावर उभा राहून आभाळाकडे पाहतो. पूर्वी इथे समुद्र होता, असं जुनी माणसं सांगतात. शास्त्रज्ञ लोक गाळाच्या थरांचं आणि निचरा न होण्याचं काहीतरी सांगतात. आमच्या वडिलांचं मत असं की समुद्र होता की नव्हता याच्याशी आपल्याला मतलब नाही. गेला तर मीठ का ठेवून गेला, एवढंच त्याला विचारायचं आहे.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे या पट्ट्याच्या ऐन पोटात. बाबांनी तिथे चाळीसच्या वर वर्षं कापूस, तूर आणि हरभरा काढला. (दर्यापूर या नावात दर्या आहे, हा योगायोग मी बाबांना एकदा दाखवला होता. ते म्हणाले, “नावातच हाये. बाकी ठनठन.”) पुढे शहानूर धरणाचं गोडं पाणी नळानं आलं, पण तोवर आमच्या आईच्या डोक्यावरच्या हंड्यानं कितीतरी मैल चालून घेतलं होतं.

या आईला समुद्र पाहायचा होता. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. एका खताच्या कंपनीच्या कॅलेंडरवर एका वर्षी बारा महिने समुद्र होता. वर्ष संपलं तरी तिनं ते चुलीमागच्या भिंतीवरून काढलं नाही. दरवर्षी कापूस विकला गेला की ती विषय काढायची आणि दरवर्षी बाबांचं उत्तर एकच असायचं : “जनावर कोनाच्या भरोशावर सोडू बाप्पा?”

हे कारण होतं, निमित्त नव्हतं, हे मला बाबांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. शेतकऱ्याच्या घरी जनावर म्हणजे रोज उघडणारी बँक. तिला दुसरा-चौथा शनिवारसुद्धा नसतो. कधी बैलाचा पाय लचकलेला, कधी गाय गाभण, कधी म्हैस नुकतीच व्यालेली. एका वर्षी सगळी जनावरं एकदम ठणठणीत होती, त्या वर्षी कापूस ठणठणीत नव्हता. असं करता करता बैल विकले गेले, ट्रॅक्टर भाड्यानं येऊ लागला, गाय काकांकडे गेली. आणि तीन वर्षांपूर्वी आईही गेली. ती गेली तेव्हा गोठ्यात एकच जनावर उरलं होतं. ते म्हणजे चांद्या.

चांद्या हा जातिवंत गावठी कुत्रा. रंग तुरीच्या शेंगेसारखा, कपाळावर पांढरा चांद, एक कान उभा आणि दुसरा विचारात पडलेला. बाबांना मी अमरावतीच्या घरी आणलं तेव्हा त्यांनी एक पत्र्याची पेटी, एक घोंगडी आणि चांद्या एवढंच सामान घेतलं. आमच्या कॉलनीत आधीच लॅब्रेडोर आणि पामेरियन मंडळी राहत होती. ती चांद्याकडे, बँकेत मोठा ठेवीदार जनधन खातेदाराकडे पाहतो तशी पाहत. चांद्यानं आठवड्याभरात सगळ्यांना आपापल्या फाटकाच्या आत बसवलं.

आता माझ्याविषयी थोडं. मी बँकेत क्लार्क आहे. ‘आहे’ म्हणजे कामानं. नावानं हल्ली आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. २०२४ च्या वेतन करारात हे नाव मिळालं. टेबल तेच, खुर्ची तीच, खुर्चीची मोडकी चाकंही तीच. फक्त पूर्वी ग्राहक क्लार्कवर ओरडायचा, आता असोसिएटवर ओरडतो. आम्हाला चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये सहकुटुंब प्रवासाचा खर्च मिळतो. त्याला एलएफसी म्हणतात. हा ब्लॉक संपत आला की बँकेतल्या माणसाला अचानक देशाविषयी प्रेम वाटू लागतं. माझा ब्लॉक ३१ डिसेंबर २०२५ ला संपत होता.

“मामाजींना समुद्र दाखवू,” सौ. म्हणाली. सौ.ला सासऱ्याविषयी जे वाटतं ते ती एका वाक्यात सांगते आणि उरलेली वाक्यं माझ्यासाठी राखून ठेवते.

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, “मंग चांद्याले कोन पाहीन?”

चाळीस वर्षांचं वाक्य. फक्त त्यातल्या बैलांच्या, गाईच्या, म्हशीच्या जागी आता चांद्या येऊन बसला होता.

“त्यालाही नेऊ,” सौ. म्हणाली.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. कारण संपलं की माणसाची मोठी पंचाईत होते.

समुद्रच का, चिखलदरा का नाही, असं कोणी अमरावतीकर विचारील. चिखलदरा आमचं हक्काचं थंड हवेचं ठिकाण. पण ते मेळघाटात. मेळघाट हा १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ अरण्यांपैकी एक. वाघाचं एक वेळ सोडा, तो मोठा साहेब. सहसा केबिनबाहेर येत नाही. पण बिबट्याला कुत्रा फार आवडतो, आणि ही आवड एकतर्फी आहे. तेव्हा चिखलदरा बाद.

मग मी रेल्वेचे नियम काढले. नियम वाचायची मला सवय आहे आणि, खोटं कशाला सांगू, आवडही आहे. कुत्रा पहिल्या वर्गातून नेता येतो. पण त्यासाठी दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर हवी. बाकीच्या डब्यांत, एसी असो वा नसो, मनाई. ते जमत नसेल तर शेवटी गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी एक पेटी असते, तीत तो ठेवायचा. (गार्डालाही २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. एका असोसिएटला दुसऱ्या मॅनेजरचं दुःख कळतं.) मी हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, “पेटीत दोघं मावत असन तं मले चालते.”

सौ.नं माझ्याकडे पाहिलं. मी नियमांची प्रत मिटली आणि गाडीच्या टायरात हवा भरायला गेलो.

आता कुत्र्याला घेऊन प्रवास करणं ही काही हलकी गोष्ट नाही. अमेरिकेत जॉन स्टाइनबेक नावाचे मोठे लेखक चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन सबंध देश फिरले. त्यावर १९६२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळालं. मी हे आमच्या शाखेत सांगितलं तेव्हा एक सहकारी म्हणाला, “नोबेल राहू दे, तुझं बिल पास होते का ते पाह्य.” बाबांचा आधार याहून जुना होता. धर्मराज युधिष्ठिर स्वर्गाच्या दारापर्यंत गेला तरी त्यानं कुत्र्याला सोडून आत जायला नकार दिला. तिथे तर इंद्र स्वतः रथ घेऊन आला होता. म्हणजे भाड्याचाही प्रश्न नव्हता.

“तो कुत्रा शेवटी यमधर्म निघाला होता, मामाजी,” सौ. डबे भरता भरता म्हणाली.

“आपला काय निंगते ते पाहू,” बाबा म्हणाले.

चांद्याला रेबीजची लस टोचून घेतली, डॉक्टरांचा दाखला घेतला, दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. एकीवर मी सवयीनं ‘मूळ प्रतीशी ताडून पाहिली’ असं लिहून सही केली. असं केवायसी पूर्ण झाल्यावर आम्ही २० डिसेंबरला पहाटे निघालो : मी, सौ., नववीतले चिरंजीव, बाबा आणि चांद्या.

पहिला मुक्काम अकोला, बहिणीकडे नाश्त्यापुरता. अमरावती-अकोला रस्ता हा आमचा अभिमानाचा विषय आहे. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज बुकात विक्रम झाला. आम्ही त्या विक्रमावरून सव्वा-दीड तासात गेलो. बहिणीकडे नळाचा दिवस नव्हता, त्यामुळे तिला आमच्याशी बोलायला वेळ होता. ज्वारीचा गरम हुरडा, दाण्याची चटणी आणि दही बाबांच्या पुढ्यात आलं. अकोल्यात डिसेंबरात ऊन कोवळं असतं, ओट्यावर बाज असते. आणि बाजेवर बसलेल्या माणसाला जगातला कुठलाही समुद्र लांबच वाटतो.

“मी राह्यतो इथंच चार दिवस,” बाबा एकदम म्हणाले. “तुम्ही पाहून या. मले सांगा कसा हाये तं.”

कोणी काही बोलेना. बहिणीनं पदरानं उगाच ताट पुसलं. तेवढ्यात चिरंजीवांनी गाडीचं दार उघडलं आणि चांद्या टुणकन उडी मारून बाबांच्या जागेवर जाऊन बसला, तोही खिडकीकडे तोंड करून. त्याला अर्थात कोकण वगैरे काही ठाऊक नव्हतं. दार उघडलं की आत बसायचं एवढंच तो अमरावतीत शिकला होता. बाबांनी दोन-तीनदा हाक मारली. तो हलेना. मग बाबा उठले, टोपी झटकली आणि म्हणाले, “जनावर निंगालं तं मंग काय करता!”

पातूर-मालेगाव करून आम्ही समृद्धी महामार्गावर चढलो. नागपूर ते मुंबईजवळचं आमणे असा हा ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. ताशी १२० ची मुभा; आमची गाडी ८० ला धापा टाकत होती, म्हणून आम्ही कायदा मोडण्याचा प्रश्नच आला नाही. मेहकरच्या आसपास मी चिरंजीवांना लोणारची माहिती दिली. उल्कापातानं झालेलं खाऱ्या पाण्याचं सरोवर, जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं वगैरे. बाबा मागून म्हणाले, “तिथंबी खारंच?” आणि पुढच्या शंभर किलोमीटरांत काही बोलले नाहीत.

रात्री कल्याणला मेहुण्याकडे. त्याचं घर नवव्या मजल्यावर. लिफ्टचं दार मिटलं, जमीन वर जाऊ लागली, आणि आयुष्यात काळ्या मातीखेरीज कशावर उभा न राहिलेला चांद्या बाबांच्या धोतरात शिरला. बाबांनीही लिफ्टची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. दोघांनी एकमेकांना धीर दिला. सकाळी ते दोघं जिन्यानं उतरले.

दुसऱ्या दिवशी मुंबई-गोवा महामार्ग. याचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे, आणि वऱ्हाडी माणसाला तिथे घरच्यासारखं वाटावं अशी ठिकठिकाणी सोय होती. माणगाव गेलं, मंडणगडाचा घाट गेला, उन्हं कलली आणि आम्ही दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्यात पोचलो. सुरूच्या झाडांत लाकडी फळ्यांची एक खोली, वर कौलं, पुढे पडवी, पडवीपुढे वाळू, आणि वाळूपुढे तो.

‘तो’ म्हणजे समुद्र. मी याचं वर्णन करणार नाही. एक तर ते मोठमोठ्या लोकांनी करून ठेवलं आहे, आणि दुसरं म्हणजे मी समुद्राकडे पाहतच नव्हतो. मी बाबांकडे पाहत होतो.

बाबा चपला हातात घेऊन उभे होते. देवळाच्या बाहेर उभं राहतात तसे. चांद्या मात्र थेट पाण्याकडे गेला. लाट आली तसा दहा पावलं मागे पळाला, लाट गेली तशी तिच्या मागे भुंकत गेला, पुन्हा पळाला. असं चार-पाच वेळा झाल्यावर त्यानं मान लांब करून पाण्याला जीभ लावली. मग थबकला. पुन्हा एकदा लावली. आणि मागे वळून त्यानं बाबांकडे जे पाहिलं त्याचा अर्थ सांगायला दुभाषाची गरज नव्हती.

बाबा पुढे गेले. वाकले. ओंजळीतलं पाणी बोटानं जिभेवर ठेवलं.

“हात्तिच्या!” ते म्हणाले, “हे तं आपल्या इहीरीचंच पानी हाये बे!”

चांद्यानं शेपूट हलवली. आठशे किलोमीटर आणि तीन टाक्या पेट्रोल जाळून दोघांचं पहिलं निदान असं एकमुखानं झालं. बाबा मात्र पाण्यातून बाहेर आले नाहीत. धोतर गुडघ्यापर्यंत वर धरून दिवस बुडेपर्यंत उभे होते.

दुसऱ्या दिवशी हर्णै. बंदरात मासळीचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांतला हा एक. बाबांनी गाविलगडाची आठवण काढून त्याला मान्यता दिली. पण त्यांचं लक्ष लागलं ते बैलांच्या गोष्टीत. होड्यांपासून काठापर्यंत मासळी आणायला इथे बैलगाड्या पाण्यात घालायची जुनी रीत, हे ऐकून ते भयंकर अस्वस्थ झाले. “खाऱ्या पान्यानं खुरं जाते न बैलाचे. धुऊन देत असन का कोनी?” असं त्यांनी तिघा-चौघांना विचारलं. लिलावाच्या गर्दीत कोणाला ऐकायला आलं नाही. इकडे चांद्यापुढे वेगळाच धर्मप्रश्न उभा होता. बाबा माळकरी, त्यामुळे चांद्या जन्मापासून भाकरी-दह्यावर वाढलेला. आणि इथे चहूकडे असा वास की त्याचा विचारात पडलेला कानसुद्धा उभा राहिला. एका मावशीनं हसून एक बारीक मासळी त्याच्यापुढे टाकली. चांद्यानं मासळीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबांनी शांतपणे तोंड सुवर्णदुर्गाकडे फिरवलं.

“किल्ला मजबूत दिसते,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी एक तरुण आमच्या खोलीशी आला. तो गावातला कासवमित्र. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवं थंडीच्या दिवसांत रात्री या किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि परत जातात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. कोल्हे, रानडुकरं आणि मोकळी कुत्री घरटी उकरतात, म्हणून ही मुलं पहाटे गस्त घालून अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागेत नेऊन पुरतात. शेजारच्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये हे काम सुरू केलं, ते पुढे किनारपट्टीवर पसरलं. तेव्हा रात्री कुत्रा बांधून ठेवाल का, एवढं विचारायला तो आला होता.

बाबांनी त्याला बसवून घेतलं. “आंडे टाकून चालली जाते म्हंता? अन् मंग पाहाले येतच नाई?”

“नाही आजोबा. पिल्लं आपली आपण समुद्राकडे जातात.”

“अन् नर?”

“नर एकदा समुद्रात गेला की जन्मात परत जमिनीवर येत नाही.”

“आमच्याकडे उलटं आहे,” सौ. चहा देता देता हळूच म्हणाली. “आमच्याकडे जमीन सोडून येत नाहीत.”

बाबा हसले. हसता हसता त्यांनी बशी खाली ठेवली आणि बराच वेळ वाळूकडे पाहत राहिले. त्या रात्री त्यांनी चांद्याला स्वतः बांधलं, आणि दोराचं दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळून झोपले. चांद्यानं एकदाही हिसका दिला नाही.

आमचे यजमान बाबांच्याच वयाचे, नारळी-पोफळीचे मालक. पहिल्या दिवशी दोघांत ‘नमस्कार’ एवढंच झालं होतं. वऱ्हाडी माणूस ओळख व्हायच्या आधी बोलतो आणि कोकणी माणूस ओळख झाल्यावरही नक्की सांगत नाही. तेव्हा सुरुवात बाबांनीच केली. विहिरीवरून.

“तुमच्याकडे पानी बम पडत असन?”

“पडतं की. साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास.”

आमच्याकडे आठशेच्या आसपास. बाबांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि कपाळाला हात लावला.

“पण कौतुक नाही हो त्याचं,” यजमान म्हणाले. “पडतं नि उताराउतारानं समुद्रात जातं. मे महिन्यात वर वाड्यांवर टँकर येतात. आमची ही काठाची विहीर, उन्हाळ्यात हिलाही खारी चव येते. चहा फाटतो.”

“फाटतेच!” बाबा असे काही आनंदले की लॉटरी लागलेल्या माणसाला मी एवढा आनंदलेला पाहिलेला नाही. “डाळ शिजते का?”

“नाव नको! आमची मंडळी गेली तोवर रोज त्या डाळीच्या नावानं खडे फोडायची.”

“आमची बी,” बाबा म्हणाले.

मग दोघं काही बोलले नाहीत. महाराष्ट्राच्या दोन टोकांचे दोन म्हातारे एका बाकावर बसून पाण्याकडे पाहत राहिले. इतकं पाणी, आणि दोन बायका आयुष्यभर गोड्या हंड्यामागे चाललेल्या. मी खातेपुस्तकं रोज जुळवतो. ही बाकी काही जुळत नव्हती.

शेवटच्या दिवशी मला लवकर जाग आली. बाबांचं अंथरूण रिकामं होतं. फळ्यांच्या फटीतून बाहेर पाहिलं तर भरतीच्या कडेला बाबा उभे, शेजारी चांद्या बसलेला. बाबा हातवारे करून काहीतरी सांगत होते. इकडे किल्ला, तिकडे होड्या, असं दाखवत होते. मधेच थांबत होते. ऐकणाऱ्यानं काही विचारलं असावं तसे. चांद्याशीच बोलत असावेत. मी पुन्हा पांघरूण घेतलं. सौ. जागीच होती. ती म्हणाली, “चहा थोड्या वेळानं ठेवते.”

परत आल्यावर बिलाचा अर्ज भरला. ‘प्रवासात सोबत असलेले कुटुंबीय’ या रकान्यात चार ओळी होत्या. चारी भरल्या आणि पाचवी पेन्सिलीनं आखावी का याचा विचार करत असताना मागून साहेब म्हणाले, “अवलंबून असलेलेच लिहा हं.” मी पेन खाली ठेवलं. आमच्या घरात चांद्या कोणावर अवलंबून आहे आणि कोण चांद्यावर, याचा निवाडा करायला एलएफसीचे नियम पुरे पडत नाहीत.

जानेवारीत हरभरा पाहायला आम्ही गावी गेलो. गाडीतून उतरल्याबरोबर चांद्या सरळ विहिरीवर गेला. काठावरच्या डोणीत पाणी होतं, त्याला त्यानं जीभ लावली आणि एकदम दहा पावलं मागे पळाला. मग दोन्ही कान उभे करून विहिरीकडे पाहत उभा राहिला. लाट येईना. तो भुंकला. तरी येईना.

बाबा काठीवर रेलून हे पाहत होते.

“थांब लेका,” ते म्हणाले, “हा नाई येत अंगावर. हा आपला हाये. याच्याकडे आपल्यालेच या लागते.”

आणि ते मला म्हणाले, “पुढच्या टायमाले त्या दापोलीवाल्याले हुरड्याले बलाव. म्हना, कुत्रं असन तं घेऊनच ये.”